दुकानाचा सर्व्हर कोणाच्या भरवशावर ठेवायचा?

पत्राचा सारांश: नागपूरच्या गांधीबागेत औषधांचा घाऊक व्यवसाय असलेल्या कुटुंबातल्या सूनबाईंचं हे पत्र आहे. सासऱ्यांनी उभा केलेला धंदा आता त्या आणि त्यांचे पती सांभाळतात. गांधीबागेत ऑफिस, वाडीला गोदाम, २३ माणसं, १४ कॉम्प्युटर आणि पोटमाळ्यावर ठेवलेला एक सर्व्हर. नागपूरसोबतच भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूरच्या दुकानदारांना माल जातो. कॉम्प्युटरचं सगळं काम गेली ११ वर्षं एकच इंजिनिअर बघतो. बोलावलं की रात्री-अपरात्रीही येतो, कॉलप्रमाणे पैसे घेतो, पासवर्डही त्याच्याकडेच असतात. मागच्या मे महिन्यात भर दुपारी सर्व्हर बंद पडला, तेव्हा तो लग्नासाठी बाहेरगावी होता. पेनड्राइव्हवरचा बॅकअप कोणाला उघडता आला नाही. दीड दिवस बिलिंग थांबलं आणि दोन जुने दुकानदार दुसऱ्या स्टॉकिस्टकडे वळले. तेव्हापासून घरात वाद आहे. पतींना एका आयटी कंपनीला वार्षिक करार द्यायचा आहे, कोटेशन महिना १८,००० रुपये अधिक जीएसटी. सासरे म्हणतात, आपला माणूस आपल्या डोळ्यांसमोर हवा. नातू नुकताच बीसीए झालाय, त्याला २२,००० वर ठेवू. हा नातू म्हणजे पत्रलेखिकेच्या नणंदेचा मुलगा. त्या विचारतात: "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. बाहेर काम दिलं तर सगळा डेटा परक्याच्या हातात जाईल, भाच्याला ठेवलं तर नातं मध्ये येईल. सध्या तर छोटीमोठी अडचण आमची अकाउंट्सची मुलगीच निस्तरते. काय करू?"

ताई,

बाहेर काम दिलं तर डेटा परक्याच्या हातात जाईल, ही तुमची मोठी भीती. पण गेली ११ वर्षं तो परक्याच्याच हातात आहे. सर्व्हरचा पासवर्ड इंजिनिअरदादांना ठाऊक आहे, तुम्हाला नाही. बॅकअप कुठे जातो, कसा उघडायचा, हे त्यांना माहीत आहे, तुमच्या घरात कोणाला नाही. ते भले माणूस आहेत म्हणून आजवर काही बिघडलं नाही. मे महिन्यात ते लबाड निघाले नाहीत, फक्त गावाला गेले होते. तेवढ्यानं तुमचं दुकान दीड दिवस बंद राहिलं.

म्हणून 'बाहेरचा की घरचा' या प्रश्नापाशी मला लगेच यायचं नाही. भाच्याला ठेवलं आणि सगळे पासवर्ड, सगळी माहिती त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहिली, तर अवस्था आहे तीच राहील. उलट घरातलं लग्न निघालं की तो तुमच्याच गाडीत बसून निघणार, आणि दुकानात मागे कोणीच नसणार. कंपनीला करार दिला आणि पासवर्ड तिच्याकडेच ठेवले, तरी तेच. मे महिन्यात दुकान अडलं ते एका माणसावर सगळं टेकलेलं होतं म्हणून, आणि त्या माणसाला जे ठाऊक होतं ते तुमच्याकडे लिहिलेलं नव्हतं म्हणून. या दोन गोष्टी आधी सुटल्या पाहिजेत. मग काम कोण करतो हा प्रश्न बराच सोपा होतो.

पैशांचं बोलून टाकू, कारण घरात वाद त्यावरूनच पेटत असेल. भाच्याचे २२,००० म्हणजे वर्षाला २,६४,०००. तुमच्याकडे २३ माणसं आहेत म्हणजे पीएफ आलाच, शिवाय दिवाळी, रजा, आणि वर्षानं पगारवाढ. कंपनीचे १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००, वर १८ टक्के जीएसटी धरून २,५४,८८०. त्यातला जीएसटी तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो. फरक आहे, पण दुकानाचं भवितव्य त्यावर ठरावं इतका नाही. त्यामुळे 'कोण स्वस्त' या मुद्द्यावर बाबांशी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांशी, वाद घालू नका. एका बंद दिवसात किती ऑर्डरी हातच्या जातात, हा आकडा मात्र काढा. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारची विक्री बघा, त्यावरचं मार्जिन काढा, आणि त्या दोन दुकानदारांची वर्षाची खरेदी शेजारी लिहा. तो कागद घरात सगळ्यांसमोर ठेवा.

आता सर्व्हर बंद का पडला, त्याबद्दल. तुमच्या पत्रात ते कारण कुठेच नाही आणि मला तेच सगळ्यात खटकलं. मे महिना, नागपूर, भर दुपार, पोटमाळा. बाहेर ४५ अंश असताना पोटमाळ्यावर किती असेल, याचा विचार करा. सर्व्हर तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो; आणि दिवसेंदिवस तसाच तापत राहिला तर हार्डडिस्क आणि पॉवर सप्लाय खराब होतात. खाली ठेवलेल्या यूपीएसची गत आणखी वाईट. त्यातल्या बॅटऱ्यांना २५ अंशांच्या आसपास राहायला आवडतं. त्यावर तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. पोटमाळ्यावर कूलर लावला असेल तर तोही सर्व्हरकडे तोंड करून नको. आपल्याकडचा डेझर्ट कूलर माणसाला सुखावतो, पण यंत्रात ओल आणि धूळ दोन्ही ढकलतो. आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून पहिले वादळी पाऊस आले की विजेचे झटके सुरू होतात, तेव्हा अर्थिंग धड नसेल तर राहिलेलं यंत्रही जातं.

म्हणजे कदाचित दीड दिवसाच्या त्या नुकसानीचा इलाज इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांच्याकडे आहे. सर्व्हर खाली आणा, तुमच्या केबिनमध्ये एसी असेल तर तिथे एका कोपऱ्यात जाळीचं कपाट करून ठेवा, अर्थिंग तपासून घ्या, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या त्याची तारीख त्यांच्यावरच मार्करनं लिहा. आयटीसाठी माणूस नेमण्याआधी हे करा. नाहीतर पुढच्या मे महिन्यात भाचा असो की कंपनी, त्याच पोटमाळ्यावर घाम पुसत उभे असतील.

यानंतर एक महिनाभर फक्त एक वही ठेवा. कोणतं मशीन, किती वाजता अडलं, काय झालं होतं, किती वेळ काम थांबलं, शेवटी कोणी सुरू केलं. बस, एवढंच. अशी वही ठेवली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण ज्याला 'कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम' म्हणतो त्यातला मोठा भाग आयटीवाल्याच्या हातातलाच नसतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला. जीएसटीचं पोर्टल शेवटच्या तारखेला रांगत होतं. इंटरनेटवाल्याची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये स्कीमचा फ्री माल चुकीच्या बॅचला लागला, ज्यासाठी त्या सॉफ्टवेअरवाल्याचाच सपोर्ट लागतो. या सगळ्यांत तुमच्या माणसाचं काम योग्य ठिकाणी फोन लावणं एवढंच असतं. खऱ्या अर्थानं नेटवर्क, सर्व्हर, व्हायरस, बॅकअप याची कामं १४ कॉम्प्युटरांच्या दुकानात महिन्याला किती निघतात, हे वही सांगेल. माझा अंदाज असा की पूर्ण वेळ माणसाचा दिवस भरेल इतकी नाहीत.

हा मुद्दा बाबांना सांगताना भाच्याच्या बाजूनं सांगा, कारण तो खरोखर त्याच्या बाजूचा आहे. बीसीए झालेल्या मुलाची ही पहिली नोकरी. तुमच्याकडे त्याला शिकवणारं कोण आहे? सकाळी दोन प्रिंटर बघून झाले की दुपारी तो रिकामा बसेल. रिकामा दिसला की कोणीतरी त्याला बिलिंगला बसवेल, नाहीतर गोदामात एक्स्पायरीचा माल मोजायला पाठवेल. वर्षभरात तो औषधांचा धंदा थोडा शिकेल, पण ज्यासाठी तीन वर्षं शिकला ते विसरेल. मग इथल्या मिहानमधल्या आयटी कंपनीत किंवा पुण्यात संधी आली की जाईल, आणि गेलंच पाहिजे त्यानं. तुम्ही मात्र पुन्हा शून्यावर. आणि एखाद्या दिवशी त्याच्या हातून डेटा उडाला, तर त्याला जाब कोण विचारणार? तुमच्या नणंदेला पुढच्या सणाला काय वाटेल, याचा विचार करत तुम्ही गप्प बसाल. ज्याच्यावर रागावता येत नाही त्याला या जागेवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

बाबांचं म्हणणं मी मोडीत काढत नाहीये. 'आपला माणूस डोळ्यांसमोर हवा' यामागे ५० वर्षांचा व्यापारी अनुभव बोलतो आहे, आणि त्यातलं अर्धं अगदी बरोबर आहे. आत कोणीतरी हवंच. फक्त ते माणूस तुमच्याकडे आधीपासून आहे, आणि तुम्ही तिचा उल्लेख पत्राच्या शेवटी एका ओळीत केलाय. छोटीमोठी अडचण जी निस्तरते ती अकाउंट्सची मुलगी. प्रिंटर कुठला रुसतो, कोणत्या मशीनवर कोणतं बिल निघतं, इंटरनेटवाल्याचा कोणता माणूस फोन उचलतो, हे तिला माहीत आहे. हे काम ती आज तिच्या कामावर जास्तीचं म्हणून, बिनपैशाचं, कदाचित बोलणी खात करते आहे. तिला विचारा, आवडत असेल तर हे काम रीतसर तिच्या नावावर करा, महिन्याला वेगळा भत्ता द्या, आणि तिच्या अकाउंट्सच्या कामातला एक तुकडा दुसऱ्याकडे वळवा. ही शेवटची गोष्ट विसरू नका. जबाबदारी वाढवायची आणि आधीचं ओझं तसंच ठेवायचं, हे आपल्याकडच्या दुकानांत फार होतं, आणि त्यातूनच चांगली माणसं सोडून जातात.

तिनं यंत्र दुरुस्त करायचं नाही. तक्रार नोंदवायची, बाहेरच्या कंपनीला कळवायची, काम झालं का बघायचं, आणि वही लिहायची.

म्हणून तुमच्यासाठी माझा कौल असा: दुरुस्तीचं आणि देखभालीचं काम बाहेर द्या, पण त्यावरची मालकी आत ठेवा. ती मालकी म्हणजे तुम्ही स्वतः. 'मला काही कळत नाही' असं तुम्ही लिहिलंय. पण शेकडो दुकानदारांपैकी कोणाला किती दिवसांची उधारी चालते आणि कोणाचा माल रोखायचा, हे तुम्ही रोज ठरवताच. इथे तेवढीच नजर लागते. कोणाकडे काय आहे, त्यानं दिलेला शब्द पाळला का, आणि तो उद्या आला नाही तर आपण काय करू, एवढं तुम्हाला ठाऊक असलं की पुरे. सर्व्हरच्या आत काय चालतं ते कळायची गरज नाही.

सुरुवात एका रजिस्टरपासून करा. बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स कोणत्या ईमेलवर आणि मोबाईलवर नोंदलेलं आहे? वेबसाइट असेल तर डोमेन कोणाच्या नावावर आहे? राउटर, सीसीटीव्ही, ऑफिसचे ईमेल, क्लाउडवरची जागा, ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसचे लॉगिन? बऱ्याच दुकानांत यातल्या निम्म्या गोष्टी इंजिनिअरच्या स्वतःच्या ईमेलवर निघतात. त्यानं डाव साधला असं नसतं. त्या दिवशी मालक म्हणाले असतात, 'तुझाच नंबर टाक बाबा, लवकर सुरू कर.' त्या सगळ्या गोष्टी फर्मच्या नावाच्या एका ईमेलवर आणि फर्मच्याच मोबाईल नंबरवर आणा. सिमही फर्मचं हवं, कारण ओटीपी त्यावर येणार. पासवर्ड लिहिलेला कागद पाकिटात बंद करून तिजोरीत, आणि पासवर्ड बदलला की त्याच दिवशी नवं पाकीट. बाहेरच्या माणसाला लागेल तेव्हा त्याचं स्वतःचं वेगळं लॉगिन द्यायचं, म्हणजे तो गेला की तेवढंच बंद करता येतं. दूरून मशीन हाताळायचं ॲप कोणत्याही कॉम्प्युटरवर कायमचं उघडं ठेवू नका. ज्या वेळी काम आहे त्या वेळी तुमच्या माणसानं समोर बसून परवानगी द्यावी. सर्व्हरसाठी रात्री काम करावं लागलं, तर आधी कळवून.

बॅकअपबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या दीड दिवसातलं खरं अपयश तिथे आहे. पेनड्राइव्ह होता, पण उघडता आला नाही. जो बॅकअप कधी उघडून बघितला नाही, तो आहे असं धरूच नये. रूढ नियम असा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्याकडे वाडीचं गोदाम आहे म्हणजे दुसरी जागा फुकटात आहे. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या, आठवड्यातून एकदा अदलाबदल करा, एक ऑफिसात, एक गोदामातल्या कपाटात. तिसरी प्रत क्लाउडवर. मशीनला कायम टोचून ठेवलेला पेनड्राइव्ह मोजायचा नाही, कारण खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या सगळ्या डिस्कही कुलूपबंद करतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा उपाय मार्च महिन्यातच येऊन पडलेला होता. ज्यांनी दोन महिने विंडोज अपडेट केलं नाही, ते सापडले. तुमच्या १४ मशीनांपैकी किती अजून विंडोज १० वर आहेत तेही बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मोफत आधार संपला. जुन्या मशीनांवर विंडोज ११ चढणार नाही, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या खर्चात काही नवे कॉम्प्युटर धरावे लागतील. हा खर्च करार कोणाशीही केला तरी चुकत नाही.

आणि दर तीन महिन्यांनी, तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. मागच्या महिन्यातलं चंद्रपूरच्या एखाद्या दुकानाचं बिल शोधा. बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट ते निघालं, तर बॅकअप आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे हा फक्त उद्याच्या बिलिंगचा प्रश्न नाही.

बिलिंगला पर्याय म्हणून एक लॅपटॉप वेगळा ठेवा. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असणार असं तुमच्या पसाऱ्यावरून धरते. १ ऑगस्ट २०२३ पासून अशा फर्मला दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल ई-इन्व्हॉइस करावं लागतं. पोर्टलवरून नंबर आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते ग्राह्य नाही. म्हणजे जुन्या काळासारखं बिलबुक काढून दिवस ढकलायची सोय आता उरली नाही. सर्व्हर पडला तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, त्या लॅपटॉपवरून, आदल्या रात्रीच्या बॅकअपवर बिलं निघाली पाहिजेत. नव्या कंपनीला पहिलं काम हेच द्या आणि करून दाखवायला सांगा.

एक गोष्ट तुमच्या यादीत कुठेच दिसली नाही. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या तुमच्या फ्रिजचा अलार्म. तो जर त्याच इंटरनेटवरून मोबाईलला मेसेज पाठवत असेल, तर राउटर बंद पडलेल्या रात्री फ्रिज तापला तरी कोणाला कळणार नाही. तो अलार्म स्वतःच्या सिमवर चालतो का, राउटरला यूपीएस आहे का, हे आजच विचारा. कॉम्प्युटर बंद पडला तर धंदा बुडतो, पण हा अलार्म मुका राहिला तर खराब झालेलं औषध रुग्णापर्यंत पोचतं.

आता कंपनीशी करार करताना. कोटेशनमध्ये 'चार तासांत प्रतिसाद' असं छापलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं की माणूस येणं, आणि काम सुरू व्हायला किती वेळ, हे वेगळं लिहून घ्या. सर्व्हर किंवा पूर्ण बिलिंग बंद असेल तर एक मुदत, एखादा कॉम्प्युटर बंद असेल तर दुसरी. तुमचा धंदा संध्याकाळी रंगतो. बाहेरगावचे पार्सल ट्रान्सपोर्टला लागायच्या आधीचे दोन तास तुमचे कळीचे. कंपनीची वेळ दहा ते सहा असेल तर तो करार तुमच्या कामाचा नाही. शनिवारचं विचारा. माणूस नागपुरातून येणार की पुण्याहून फोनवर बोलणार, हे विचारा. तुमच्याकडे ठरलेले दोन इंजिनिअर येतील की दर वेळी नवा मुलगा, ज्याला पहिला अर्धा तास तुमचं दुकान समजून घ्यायलाच लागेल? करारात सुटे भाग धरलेत की फक्त मजुरी, हे स्पष्ट हवं. सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या करारांतूनही बॅटऱ्या, ॲडॉप्टर, प्रिंटरचं हेड हे हळूच वगळलेलं असतं. मशीन दुरुस्तीला नेलं तर बदली मशीन देणार का, आणि दुरुस्तीला जाताना त्यातली हार्डडिस्क तुमच्यासमोर काढून ठेवणार का?

सगळ्यात महत्त्वाचं कलम शेवटच्या पानावर असतं. करार संपला किंवा तुम्ही मोडला, तर १५ दिवसांत सगळे पासवर्ड, नेटवर्कचा नकाशा, बॅकअप आणि चालू तक्रारींची यादी तुमच्या हवाली करायची, हे लिहून घ्या. लिहून द्यायला जी कंपनी का-कू करते, तिच्याशी तिथेच थांबा. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. पहिले तीन महिने दरमहा, मग तिमाही. आणि १८,००० हा आकडा अंतिम धरू नका. तुमच्या महिन्याच्या वहीत सर्व्हर-नेटवर्कची कामं थोडीच निघाली, तर ती वही समोर ठेवून कमी रकमेचा करार मागा: महिन्याला दोन ठरलेल्या भेटी, सर्व्हर आणि बॅकअपवर रोजची नजर, बाकीचं कॉलप्रमाणे. तुमच्यासारख्या दुकानाला मला तोच जास्त योग्य वाटतो. पतींनाही हे पटावं, कारण कंपनी हवी हा त्यांचा मुद्दा राहतोच, फक्त कोटेशन डोळे झाकून स्वीकारायचं नाही.

पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा असतो, त्यात जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि सर्व्हरवर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला ६ तासांत कळवण्याचा निर्देश २०२२ पासून आहे. तो अहवाल कोण पाठवणार, हे कंपनीला करारातच विचारा. उत्तरावरून तुम्हाला तिची तयारी कळेल.

तुमच्या इंजिनिअरदादांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण पत्रात दोनदा लिहिलंय की ते रात्री-अपरात्री आलेत. मला वाटतं तुमचा जीव तिथेही अडकलाय. नव्या कंपनीचं त्यांना बाहेरून कळू देऊ नका. गांधीबागेत अशी बातमी चहा संपायच्या आत पोचते. पासवर्ड बदलायच्या आधी, त्यांची राहिलेली बिलं चुकती करून, तुम्ही आणि तुमच्या पतींनी समोर बसून सांगा. ११ वर्षांची माहिती कागदावर उतरवून देणं हे मोठं काम आहे. त्याचे त्यांना वेगळे पैसे द्या. प्रिंटर, सीसीटीव्ही, नवीन वायरिंग ही कामं त्यांच्याकडे राहू शकतात. ते जर म्हणाले की माझ्यासोबत दुसरा एक इंजिनिअर घेतो, मी गावाला गेलो तर तो येईल, लेखी करारही करतो, तर त्यांचंही कोटेशन मागवा आणि कंपनीच्या शेजारी ठेवून मोकळ्या मनानं बघा. दुकान ओळखणारा माणूस आणि त्याला बदली, हे दोन्ही एकत्र मिळत असेल तर ते महागडं वाटू देऊ नका.

भाच्यालाही रिकाम्या हातानं पाठवायची गरज नाही. १४ मशीनांची यादी करणं, लायसन्स फर्मच्या नावावर आणणं, सर्व्हर खाली हलवायच्या दिवशी हजर राहणं, हे दीड-दोन महिन्यांचं काम त्याला ठरलेल्या पैशांत द्या. सुरुवात आणि शेवट दोन्ही आधी सांगून. त्याच्या हाती अनुभव येईल, आणि नव्या कंपनीच्या इंजिनिअरांसोबत त्याला चार दिवस काम करता आलं तर कुठे शिकायला जायचं तेही त्याला कळेल. बाबांना हे असं सांगा की नातवाला पहिलं काम आपणच दिलं.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. प्रत्येकानं काम बाहेरच द्यावं असं मी म्हणत नाहीये. हिंगण्याला किंवा बुटीबोरीला तीन पाळ्यांत चालणारा कारखाना असेल, रात्री दोनला लेबल प्रिंटर अडला की लाइन थांबत असेल, तर आत माणूस हवाच, आणि एक नव्हे, पाळीला पुरतील इतके. ४०-५० खाटांचं हॉस्पिटल असेल, जिथे रिपोर्ट आणि बिलिंग रात्रंदिवस चालतं, तिथेही तेच. अशा ठिकाणी आतला माणूस आणि बाहेरचा तज्ज्ञ असे दोन्ही लागतात. उलट चार जणांचं सीए ऑफिस किंवा छोटं क्लिनिक असेल तर करारही कदाचित जास्तच होईल. चांगला बॅकअप, फर्मच्या नावावरचे पासवर्ड आणि कॉलवर येणारे दोन ओळखीचे इंजिनिअर पुरतात. आपल्या दुकानाला एक तास बंद राहणं परवडतं, एक दिवस परवडतो, की दहा मिनिटंही नाही, हे प्रत्येकानं आधी ठरवावं आणि मग माणूस शोधावा.

ताई, बदल कधी करायचा तेही ठरवून घ्या. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असते, आणि २६-२७ पासून औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर) महिनाअखेरच्या क्लोजिंगसाठी तुमच्या ऑफिसात बसून असतात. म्हणजे तुम्हाला २१ ते २५ एवढीच मोकळी खिडकी आहे. मार्च-एप्रिल टाळा, दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. सर्व्हर हलवायचं आणि नव्या कंपनीच्या हवाली करायचं काम त्या पाच दिवसांतल्या तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवा. इंजिनिअरदादांना त्या दिवसासाठी आधीच बोलावून ठेवा, आणि जुना सर्व्हर पुढचा एक महिना पुसायचा नाही, हे सगळ्यांना बजावून सांगा.